न थांबणारी चाकं

१

तीन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि तोही कशापायी, तर टायरपायी.

"लोकांची झोप आजारपणाने उडते, परीक्षेने उडते, प्रेमाने उडते. माझी उडाली ती रबराने," असं तिने चौथ्या दिवशी सकाळी नवऱ्याला सांगितलं. तो दात घासता घासता हसला आणि आरशावर फेसाचे शिंतोडे उडाले.

"अगं, टायर आहे ते. काळं, गोल. बदलायचं आणि विसरायचं."

"पण कुठलं बदलायचं?"

"साधं. मऊ चालतं, पंक्चर झालं तर काढता येतं, आणि डिकीत स्टेपनी येते. विषय संपला."

विषय काही संपला नव्हता. गाडी त्यांची म्हणावी तर त्यांची नव्हतीच. थोरले दीर नोकरीपायी लांब गेले आणि जाताना ही हत्तीएवढी गाडी यांच्या दारात उभी करून गेले. चामड्याच्या सीटा, छताला काच, दार लावलं की कापसात ठेवल्यासारखा मऊ आवाज. "वापरत राहा, उभी राहिली की बिघडते," एवढंच सांगून गेले. तिला ती गाडी चालवताना कायम दुसऱ्याची साडी नेसून लग्नाला गेल्यासारखं वाटायचं. सारखी नजर पदराकडे.

या गाडीला रनफ्लॅट टायर होती. त्यांच्या बाजू इतक्या जाड, की आतली हवा पार निघून गेली तरी गाडी बसत नाही. ऐंशीच्या वेगाने आणखी ऐंशी किलोमीटर खुशाल जा. म्हणून बनवणाऱ्यांनी स्टेपनी दिलीच नव्हती. डिकीतली फळी उचलली की खाली तिची जागा तेवढी दिसायची, गोल आणि रिकामी. आता ही टायर संपत आली होती. पुन्हा तशीच घ्यायची, की चारचौघांसारखी साधी? प्रश्न एवढाच होता. एवढ्या प्रश्नावर माणसाने तीन रात्री छत बघत काढू नयेत, हे तिलाही कळत होतं.

ती कान तपासायच्या दवाखान्यात काम करायची. पेशंटला बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि सांगायचं, आवाज आला की बटण दाबा. काही माणसं आवाज नसतानाही दाबतात. लबाड नसतात बिचारी; चुकायला नको, या धास्तीनेच त्यांना ऐकू यायला लागतं. दवाखान्यात त्यांना 'बटणबहाद्दर' म्हणायचे. बाळंतपण झाल्यापासून आपणही त्यातल्याच, अशी तिची जवळजवळ खात्री झाली होती. मूल झोपलं की श्वास चालू आहे ना, म्हणून उठायचं. श्वास चालू असला की इतका हळू का, म्हणून बसायचं.

मूल म्हणजे खारू. वय वर्षं चार. खरं नाव शाळेच्या पटावर होतं, पण घरात खारू. कारण खारीसारखा घास गालात साठवून ठेवायची. सकाळी भरवलेलं अंडं दुपारी शाळेतल्या बाई तोंडातून काढायच्या. कडेवर घे म्हणताना ती एकच हात वर करायची. दुसरा हात फुगलेल्या गालावर, आतला ऐवज सांडू नये म्हणून. आणि बूट! नाडीचे बूट आईनेच हट्टाने आणले होते, बोटांना वळण लागतं असं कुठेतरी वाचून. बोटांना वळण लागायचं राहिलं. रोज सकाळी आई गुडघ्यांवर, खारू पायरीवर, आणि "घट्ट नको, घट्ट नको" असा आरडाओरडा. सैल बांधलेली नाडी गाडीपर्यंत पोहोचेतो सुटलेलीच असायची.

मग घर ते शाळा, शाळा ते दवाखाना. घर आणि शाळेच्या मधला सहा किलोमीटरचा रस्ता दोन उंच भिंतींमधून जायचा. गाड्यांचा आवाज पलीकडच्या वस्तीत जाऊ नये म्हणून बांधलेल्या भिंती, करड्या, बिनखिडकीच्या. कडेला थांबायला जागा नाही. सहा किलोमीटरमध्ये एकच कोनाडा, भिंत आत घेऊन केलेला, दीड गाडी मावेल एवढा. काठाला पिवळे-काळे पट्टे, एक मदतीचा फोन, आणि भिंतीत एक अरुंद लोखंडी दार. या बाजूने त्याला कडी नव्हती.

झोप उडवली होती ती त्या कोनाड्याने. टायर हे आपलं निमित्त.

२

महिन्यापूर्वी त्या कोनाड्यात ती थांबली होती. एकदाच.

सकाळचे साडेआठ, लख्ख ऊन. भिंतींच्या मधोमध आल्यावर टायरचा सूर उतरला. गाडीतल्या दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण सूर ओळखण्याचाच तिला पगार मिळायचा. पाठोपाठ समोर पिवळा दिवा लागला: भिंतीकडचं मागचं चाक, हवा कमी. आणि पुढच्याच क्षणी तो कोनाडा, जणू दिव्यानेच समोर आणून ठेवलेला.

थांबायची गरज नव्हती. रनफ्लॅटच होती ती, तशीच शाळेपर्यंत गेली असती. पण दिवा लागला की थांबायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. तिने गाडी आत घेतली.

"आई, काय झालं?" खारूने विचारलं. म्हणजे विचारलं असावं; तोंडात अंडं होतं.

"काही नाही गं. चाक बघते. हलायचं नाही हं."

चाकाला काहीही झालेलं नव्हतं. तिने अंगठ्याने दाबलं, लाथ मारून पाहिली. लाथेतून काय कळतं देव जाणे, पण सगळे मारतात. मग स्टेपनी शोधायला डिकी उघडली, फळी उचलली आणि त्या गोल रिकाम्या जागेकडे बघत नवऱ्याला फोन लावला. "अगं, स्टेपनी नसतेच तिला!" तो सांगत होता. भिंतींमध्ये ट्रकांचा आवाज नुसता कोंडला होता. डिकीचं दार डोक्यावर, फोन कानाला, गाडीकडे पाहता येत नव्हतं. किती वेळ? दोन मिनिटं. फार तर तीन.

गाडीचं दार वाजलेलं तिने ऐकलं नाही. ऐकलं असतं, हे ती शपथेवर सांगू शकली असती. पण ते दार वाजतं तेही कापसात ठेवल्यासारखं.

परत येऊन तिने मागे डोकावलं. खारू तिच्या सीटवर, पट्ट्यात, दोन्ही हात मांडीवर. दोन्ही बुटांच्या नाड्या बांधलेल्या होत्या. घट्ट, दुहेरी गाठ, आणि उरलेली टोकं बुटाच्या आत नीट खोचलेली.

"कोणी बांधल्या गं?"

खारूने घास गिळला. आवाज न करता, एका झटक्यात, एखाद्या मोठ्या माणसाने गोळी गिळावी तसा. मग म्हणाली, "चल ना आई."

आपणच बांधल्या असतील, असं तिने गाडी बाहेर काढता काढता स्वतःला सांगितलं. घाईत बांधल्या असतील. हातांना सवय असते, डोकं दुसरीकडे असतं. पण टोकं खोचायची ही पद्धत तिची नव्हती. नवऱ्याची नव्हती. त्या घरात कुणाचीच नव्हती.

खारूच्या केसांतली पिवळ्या बदकाची पिन त्या दिवशी हरवली. ती आता कुठली सापडतेय.

३

त्यानंतर पोर सुधारली. याला दुसरा शब्द नाही.

ताट स्वच्छ करू लागली. रात्री दिवा मालवून आपली आपण झोपू लागली. सकाळी आई गुडघ्यांवर बसायच्या आत बूट घालून तयार, गाठी दुहेरी, टोकं आत. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "काय जादू केलीत? आता कडेवर घ्या म्हणून दोन्ही हात पसरते, इतकी गोड दिसते!" सासूबाई फोनवर म्हणाल्या, "मी म्हणतच होते, वय झालं की होतात शहाणी. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

"हो ना," ती म्हणाली.

त्रास देणाऱ्या मुलाची काळजी करायची, आणि त्रास थांबला की त्याचीही काळजी करायची, असल्या बाईला काय म्हणावं? बटणबहाद्दर, दुसरं काय. तिने नवऱ्याला एवढंच विचारलं, "तुला ती वेगळी वाटते का रे?"

"वाटते. जेवते."

पण दिवा मात्र रोज लागायचा. तोच रस्ता, तेच चाक, त्याच कोनाड्याच्या अलीकडे. सूर उतरायचा, हवेच्या दाबाचा आकडा तेहतीसवरून घसरायचा. कोनाडा मागे पडला की परत तेहतीस, दिवा बंद. जाताना फक्त, येताना गाडी पलीकडच्या बाजूने यायची, तेव्हा काही नाही. दुसरा रस्ता पुलाच्या कामासाठी बंद होता. नवरा म्हणाला सेन्सर बिघडलाय. रविवारी तो स्वतः गाडी घेऊन गेला, चार फेऱ्या मारल्या, एकदाही दिवा लागला नाही. परत आल्यावर नुसता भुवया उडवून चहा पीत बसला. आवाज नसताना बटण दाबणाऱ्या माणसाच्या हाती मशीनचा कागद ठेवला, की तो कसा गप्प होतो, ते तिने रोज पाहिलेलं होतं.

पण तिने आणखी एक गोष्ट पाहिली होती. कोनाडा जवळ आला की खारू खिडकीकडून तोंड फिरवायची. डोळे आईच्या आरशावर रोखायची आणि कोनाडा मागे पडेपर्यंत हलायची नाही.

पोरगी घाबरते, हे तिने ओळखलं. पोरगी घाबरते म्हणजे तिथे काहीतरी आहे. आणि जे काही आहे, त्याला आपण पुन्हा थांबायला हव्या आहोत. एरवी आपल्या मनातल्या दहा गोष्टींपैकी नऊ ती स्वतःच खोडून टाकायची. ही दहावी तिने खोडली नाही.

४

टायरवाले काका जाड चष्म्याचे, बोलताना उजवा कान पुढे करणारे. नट उघडायच्या हवेच्या पिस्तुलाने डावा कान गेला असणार, हे तिने पहिल्या दोन वाक्यांत ओळखलं.

"काका, डाव्या कानाने कमी येतं ना? दवाखान्यात या एकदा, तपासून देते."

"बायको म्हणते दोन्हींनी कमी येतं," काका म्हणाले. "तपासलं तर तिचं खरं ठरेल. राहू दे."

खारू टायरांच्या थप्पीवर बसून पाय हलवत होती. काकांनी भिंतीकडचं मागचं चाक काढलं, पाण्यात बुडवून फिरवलं. एक बुडबुडा नाही. खिळा नाही, चीर नाही. मग त्यांनी चाक यंत्रावर चढवलं आणि रिमवरून टायर सोडवलं. सुटताना रबराने एक लांब, ओला आवाज केला.

काकांनी आत बघितलं आणि तोंडातली सुपारी गालाआड सरकवली.

"ताई, हवेशिवाय किती पळवलंत हे?"

"एकदाही नाही."

त्यांनी टायर तिरकं केलं. आतून काळी पूड ओघळली, बारीक रव्यासारखी, ओंजळभर. "हे बघा. हवा नसताना चाललं की बाजू आतल्या आत घासते, तिची ही पूड. बाहेरून कळत नाही. शंभरेक किलोमीटर तरी झालं असेल, थोडं थोडं करून."

"काका, हवा जाते ती मिनिटभर. पुढे गेलं की परत येते."

"गेलेली हवा परत येत नाही, ताई," काका मायेने म्हणाले, जसं ती तिच्या पेशंटना म्हणायची.

तेव्हा तिला ते दिसलं. टायरच्या आतल्या बाजूला पुडीचा पातळ थर बसला होता आणि त्यात हाताचा ठसा होता. चार बोटं आणि अंगठा. खाली एक, मग थोडं पुढे दुसरा, मग तिसरा, सगळ्या गोलाईभर. आतून थापा मारल्यासारखे. सगळे एकाच हाताचे, उजव्या.

"हे काय?"

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. "माझा हात लागला असेल."

"तुमच्या हातात मोजे आहेत."

त्यांनी मोजा काढला आणि आपला पंजा त्या ठशावर धरला. ठसा त्यांच्या तळव्याखाली पुरता झाकला गेला, वर बोटं बाहेर उरली. मग त्यांनी खांद्यावरचं फडकं घेतलं आणि टायर आतून पुसून काढलं, एकदा, दोनदा, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"रिमवर बसलं की आत मुंगीसुद्धा जात नाही," ते म्हणाले. तिला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही. "तर. चारही बदला. निम्मी ही, निम्मी ती, असलं या गाडीला चालत नाही. कुठली देऊ?"

त्यांनी दोन टायर शेजारी शेजारी उभी केली आणि तिला बाजू दाबायला लावली. साधं टायर अंगठ्याखाली दबलं. दुसरं भिंतीसारखं होतं.

"साधं घेतलंत तर खड्डा कमी कळेल, पोर गाडीत झोपेल. स्टेपनी देतो, त्या मोकळ्या जागेत चपखल बसेल. पण पंक्चर झालं की थांबावं लागणार. जागेवरच."

"आणि हे?"

"हे थांबवत नाही. मला विचाराल तर मला नाही आवडत. टायरने सांगावं माणसाला, बाई, काहीतरी झालंय, उतर, बघ. हे बिचारं सांगत नाही. मुकाट चालत राहतं."

"आई," थप्पीवरून खारू म्हणाली, "ते घे. न थांबणारं."

काका हसले. "घ्या! ही तर माझ्या दुकानात लागायच्या लायकीची आहे."

ती हसली नाही. पोरगी घाबरलेली आहे, तिला पुन्हा तिथे थांबायचं नाही, आणि ते सांगायला तिच्याकडे एवढेच शब्द आहेत. "आत्ता हेच परत चढवा, संध्याकाळपर्यंत सांगते," असं काकांना म्हणून तिने खारूला उचललं. खारूने दोन्ही हात तिच्या गळ्यात टाकले.

५

फ्रिजवर तिने कागद चिकटवला होता. डावीकडे साधं, उजवीकडे रनफ्लॅट. डावी बाजू भरली होती: मऊ, शांत, दुरुस्त होतं, स्टेपनी, कुठेही मिळतं. उजव्या बाजूला एकच ओळ होती. 'थांबावं लागत नाही.'

"पाच विरुद्ध एक," नवरा म्हणाला. "याच्यावर तीन रात्री?"

"उजवं."

"का पण?"

"कारण मला तिथे थांबायचं नाही."

"थांबू नकोस की. दिवा लागला तरी जा पुढे."

"आणि साध्या टायरची हवा खरंच गेली तर? भिंतींच्या मध्ये दुसरी जागा कुठे आहे? त्या कोनाड्यातच घ्यावी लागेल ना गाडी? खाली उतरावं लागेल. डिकी उघडावी लागेल. तिला एकटीला सोडून मी पाठमोरी..." तिने फ्रिजवरचा कागद सरळ केला. "मी एकदा पाठ फिरवली होती. पुन्हा नाही फिरवणार."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. थट्टा ओठांवर आली होती, ती त्याने गिळली.

"अगं, झालं काय होतं त्या दिवशी? काहीच झालं नाही. पोरगी इथे आहे. धडधाकट आहे. उलट दोन किलो वाढली."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. मी वेडी आहे असं समज. वेड्या बाईला टायर निवडू दे."

लग्नाला सात वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत तिने कुठलीही गोष्ट 'असं नाही वाटत तुला?' जोडल्याशिवाय सांगितली नव्हती. त्याने पेन घेऊन डावी बाजू स्वतःच खोडली.

"घे बाई. दणके मला बसणार नाहीत, तुलाच बसतील."

आतल्या खोलीत खारू जमिनीवर बसून बाहुलीला बूट घालत होती. तिला ऐकू गेलं असावं. तिने नाडीचं टोक बोटाने हळूच आत खोचलं.

६

शुक्रवारी टायर बसली, सोमवारी शाळा.

ऊन होतं. ती नीट झोपून उठली होती, किती तरी दिवसांनी. नवी टायर कडक होती, रस्त्याचा एकूण एक सांधा पाठीत कळत होता. बरं वाटत होतं ते. तिने मनाशी ठरवलेलं सगळं परत म्हटलं: वेग साठ. नजर पुढे. दिवा लागला तरी साठ. आकडा शून्य झाला तरी साठ. आज एकदा गेलो की संपलं. जे काही आहे त्याला कळेल की ही गाडी आता थांबत नाही.

"खारू, पट्टा?"

"लावलाय."

भिंती सुरू झाल्या. आवाज जवळ आला, छत खाली आल्यासारखा. पहिला किलोमीटर, दुसरा. तिच्या पुढे एक ट्रक होता, तो हळूहळू लांब गेला.

सूर उतरला.

पिवळा दिवा. तेहतीस, एकोणतीस, बावीस. नवं कोरं टायर, तीन दिवसांचं. अकरा. आणि या वेळी, पहिल्यांदाच, आकडा तिथे अडला नाही. शून्य. दिवा तांबडा झाला. चाकातून आवाज येऊ लागला, धप्, धप्, धप्. टायर चपटं झालं की असा आवाज येतो, असं काकांनी सांगितलं होतं. पण तो चाकाच्या फेऱ्याशी जुळत नव्हता. तिने नकळत मोजलं. कान तपासणाऱ्या बाईला मोजायची सवय असते. चाक वेगाने फिरत होतं, थापा सावकाश पडत होत्या. मधेच थांबत होत्या, कुणी दमल्यासारख्या. मग पुन्हा जोरात.

"नाही," ती मोठ्याने म्हणाली. स्टिअरिंग तिने दोन्ही हातांनी धरलं. गाडी किंचित भिंतीकडे ओढत होती. तिने ती सरळ ठेवली. साठ. "आपण थांबणार नाही आहोत. ऐकलंस, खारू? काहीही झालं तरी नाही."

आरशात खारू तिच्याकडे बघत होती, रोजच्यासारखी, शांत. हात मांडीवर.

कोनाडा आला. पिवळे-काळे पट्टे. फोन. लोखंडी दार, बंद. ती पुढे बघत होती, तिने तसं ठरवलंच होतं. कोनाडा खिडकीतून सरकून गेला, आणि ती सुटली. सुटली! एक क्षण तिला हसू फुटलं, ओरडावंसं वाटलं. केलं आपण, जमलं, चार रबरी चाकांच्या जोरावर का होईना.

मग तिने बाजूच्या आरशात पाहिलं. एकदाच. कुणीही बघेल.

कोनाड्याच्या काठाशी कुणीतरी उकिडवं बसलं होतं. लहान, अगदी लहान, पायांशी काहीतरी चाळवत, सुटलेलं काही बांधू बघत असल्यासारखं. गाडीच्या आवाजाने त्याने मान वर केली. उठलं, अडखळलं. डोक्यावर पिवळं काही चमकलं. पट्ट्यांचा रंग असेल, तिच्या डोक्याने ताबडतोब सांगितलं, ऊन असेल, कुणीतरी टाकलेली पिशवी असेल, वाऱ्याने फुगलेली. आरशात सगळं लहानच दिसतं. आवाज नसताना बटण दाबू नये.

मग त्याने हात वर केला.

एकच. दुसरा गालावर होता.

धप्, धप्, आणि चाकातला आवाज बंद पडला. तेहतीस. दिवा गेला. तिला आधी कळलंच नाही, की आपला पाय उचलला गेलाय आणि गाडी साठवरून पन्नासवर, चाळीसवर येतेय. मागून एक ट्रक कर्कश हॉर्न देत अंगावर आला. दोन्हीकडे भिंती. वळायला जागा नाही, मागे जायला नाही, थांबायला तर नाहीच. आणि टायर नवी, भक्कम, आणखी ऐंशी किलोमीटर काही न सांगता चालणारी.

तिने आतल्या आरशात पाहिलं. आता रडेल, असं तिला वाटलं. भीती वाटते म्हणेल, शू आली म्हणेल, काय झालं म्हणून विचारेल. चार वर्षांचं मूल जे काही म्हणेल, त्यातलं काहीही चाललं असतं.

खारूने वाकून बुटाच्या नाडीचं टोक आत सारलं, सरळ बसली आणि समजुतीने म्हणाली, "हळू नको ना करूस, आई. तिला दर वेळी वाटतं, तू थांबणार."